उत्पादकता आणि पाचव्या माणसाचा प्रश्न

'उत्पादकता' हा शब्द कारखान्याच्या कचेरीत एका अर्थाने उच्चारला जातो आणि यंत्रशाळेत दुसऱ्याच अर्थाने ऐकला जातो. कचेरीतील माणसाला त्यात प्रगतीची चाहूल लागते. यंत्रशाळेतील माणसाला आपल्या शेजाऱ्याची गच्छंती दिसू लागते. हा संशय निव्वळ अडाणीपणातून आलेला आहे असे समजण्याचा प्रघात सुशिक्षित वर्गात आहे. तो बरोबर नाही. या संशयाला इतिहास आहे आणि त्यातील एक ठळक अध्याय मुंबईतच घडलेला आहे. १९२८ साली मुंबईच्या कापडगिरण्यांत जो सार्वत्रिक संप झाला, त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक होते 'कार्यक्षमता योजना'. ससून समूहाच्या गिरण्यांनी विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत आणि कताई खात्यातील कामगाराने यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी व्यवस्था सुरू केली होती. सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने कामाबाहेर राहिले. गिरणी कामगार युनियन त्याच संपाच्या धामधुमीत जन्माला आली. परदेशी मालाच्या स्पर्धेत टिकायचे तर खर्च उतरवला पाहिजे, असे मालकांचे म्हणणे होते आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. कामगारांचा प्रश्न मात्र साधा होता: तिसरा माग आमच्या गळ्यात घातल्यावर त्या मागावरचा माणूस कुठे जाणार?

त्या प्रश्नाला आता शंभर वर्षे होत आली. पण तो जुना झालेला नाही. चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत तोच प्रश्न नव्या नावाने उभा आहे. 'कार्यक्षमता योजना' हे नाव मागे पडले. आता 'लीन' उत्पादनपद्धतीचा बोलबाला आहे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चरबी झडलेला, सडपातळ असा होतो. मराठी कानाला मात्र तो कुणाच्या तरी चरणी लीन होण्याची आठवण करून देतो, आणि काही व्यवस्थापकांना हाच दुसरा अर्थ अधिक भावला असावा, अशी शंका त्यांच्या वर्तनावरून येते. पण एवढ्यावर हा विषय हसण्यावारी नेता येणार नाही. हातांनी होणाऱ्या जुळवणीच्या कामात या पद्धतीने जे साधले ते विलक्षण आहे आणि ते कामगाराचे हात अधिक वेगाने पळवून साधलेले नाही. ज्या परस्पर-कराराच्या पायावर ते साधले तो करार मात्र पद्धतीबरोबर सगळीकडे गेला नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज उत्पादकतेविषयीची आपल्याकडची चर्चा एकांगीच राहणार.

यंत्रमानवांच्या या काळात हातांच्या कामाचे एवढे महत्त्व कशाला, असे कुणी विचारील. वस्तुस्थिती अशी आहे की, मोटारीच्या कारखान्यात पत्रे सांधण्याचे आणि रंग देण्याचे काम बव्हंशी यंत्रांनी घेतले असले, तरी आसने बसवणे, दारांची अस्तरे लावणे, तारा ओवणे ही अंतिम जुळवणी आजही मुख्यतः माणसेच करतात. मोटारीच्या अंगभर मज्जातंतूंसारखे पसरलेले तारांचे जुडगे तर फळीवर खुंट्या मारून, एकेक तार हाताने बसवून तयार होतात. विजेची बटणे, पंप, मीटर, भ्रमणध्वनी यांच्या जुळवणीतही हाताचा वाटा मोठा आहे, आणि हे हात पुष्कळदा तरुण स्त्रियांचे आहेत. कामगार जिला नुसती 'लाइन' म्हणतात त्या रांगेत दर मिनिटाला काय घडते, यावर लक्षावधी घरांची चूल अवलंबून आहे.

या रांगेचा आरंभ सामान्यतः हेन्री फोर्ड यांच्या डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यातून मानला जातो. १९१३ साली तेथे चुंबकीय ठिणगीयंत्राची, म्हणजे मॅग्नेटोची, जुळवणी एकेक कामगार एकटा करीत असे आणि एका नगाला सुमारे २० मिनिटे लागत. ते काम २९ जणांत वाटून रांगेवर घेतले तेव्हा वेळ १३ मिनिटे १० सेकंदांवर आला. पुढल्या वर्षी केवळ रांगेची उंची ८ इंचांनी वाढवली आणि वेळ ७ मिनिटांवर उतरला. मग रांगेचा वेग जुळवून घेताघेता तो ५ मिनिटांपर्यंत आला. या हकिगतीतील आठ इंच सहसा कुणाच्या लक्षात राहत नाहीत. कामविभागणी हा फोर्ड यांचा पराक्रम म्हणून पाठ्यपुस्तकांत आला. पण माणसाची पाठ वाकू नये एवढ्यासाठी केलेल्या सुताराच्या कामाने जवळजवळ निम्मा वेळ वाचला. कामगार आळशी होता म्हणून नव्हे, तर मेज बुटके होते म्हणून वेळ जात होता.

फोर्ड यांच्या पद्धतीची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. त्याच १९१३ साली त्यांच्या कारखान्यात कामगार टिकेना. वर्षभरात सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एकूण संख्येच्या ३७० टक्के होते, म्हणजे एकेका जागेवर वर्षातून तीन-चार माणसे बदलली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी दिवसाला ५ डॉलर मिळकतीची घोषणा केली ती निव्वळ औदार्यापोटी नव्हे. एकच बोल्ट दिवसभर आवळणाऱ्या माणसाला जागेवर धरून ठेवण्याची ती किंमत होती.

जपानमध्ये हा विचार वेगळ्या मार्गाने गेला, आणि गंमत अशी की त्याचा उगम मोटारीत नसून मागात आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली सिद्ध केलेल्या स्वयंचलित मागाचे वैशिष्ट्य असे होते की, धागा तुटताच तो आपण होऊन थांबे. त्यामुळे सदोष कापड विणले जात नसे, आणि मुख्य म्हणजे माग बिघडतो की काय हे पाहत एका माणसाने त्याच्यापुढे ताटकळत उभे राहण्याचे कारण उरत नसे. एका कामगाराला कितीतरी माग सांभाळता येऊ लागले. १९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या नामांकित यंत्रनिर्मात्यांनी विकत घेतले. मुंबईच्या विणकराला तिसरा माग दिला गेला त्याच सुमारास जपानमध्ये अनेक माग एकाकडे देता येत होते. फरक एवढाच की तेथे आधी मागाला शहाणे केले होते, येथे आधी माणसाचा भार वाढवला होता.

टोयोडांच्या कापडधंद्यात उमेदवारी केलेले ताइइची ओनो पुढे टोयोटा मोटार कंपनीत आले आणि तेथील यंत्रशाळेचे प्रमुख झाले. आज जगभर जी पद्धत 'लीन' म्हणून शिकवली जाते तिचे मुख्य शिल्पकार तेच. 'लीन' हे नाव त्यांचे नव्हे. ते १९८८ साली जॉन क्राफचिक या अमेरिकन संशोधकाने दिले आणि १९९० साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठातील अभ्यासकांच्या ग्रंथाने सर्वतोमुखी केले. ओनो यांचा विचार एका वाक्यात सांगायचा तर असा: माणूस हालचाल करतो आहे म्हणजे काम करतो आहे असे नव्हे. गिऱ्हाईक ज्याचे पैसे देईल तेवढेच काम. बाकी सारा अपव्यय. नवशिक्या अभियंत्याला ते जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यात उभे करीत आणि तासन्‌तास नुसते पाहायला लावीत, असे सांगतात. पाहता पाहता माणसाला दिसू लागते की, रांगेवरच्या दिवसाचा केवढा मोठा भाग वाट पाहण्यात, उचलून ठेवण्यात, वळण्यात, शोधण्यात आणि चुकलेले पुन्हा करण्यात जातो.

ओनो यांनी अपव्ययाचे सात प्रकार मानले. त्यांत सर्वांत घातक कोणता, याचे त्यांचे उत्तर आपल्याला चक्रावून टाकणारे आहे: गरजेपेक्षा अधिक उत्पादन. जास्त माल काढणे हा दोष कसा, हे उदाहरणाने पाहणे बरे. समजा, एका पंपाच्या जुळवणीत पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला एक मिनिट लागते. रूढ पद्धतीने पहिला कामगार ५० नग पुरे करून खोका दुसऱ्याकडे सरकवतो, दुसरा आपले ५० पुरे करून तिसऱ्याकडे, याप्रमाणे. पन्नासांचा तो गठ्ठा पुरा व्हायला २५० मिनिटे लागतात. आता तेच पाच जण एकमेकांना लागून बसले आणि एकेक नग हातोहात पुढे जाऊ लागला, तर पहिला पंप पाचव्या मिनिटाला हाती येतो आणि पन्नासावा चोपन्नाव्या मिनिटाला. कुणाचाही हात तसूभर जलद चाललेला नाही. शिवाय पहिल्याने वॉशर उलटा बसवला असेल, तर गठ्ठ्याच्या पद्धतीत दुसऱ्याच्या ते लक्षात येईपर्यंत पन्नास पंप बिघडलेले असतात. हातोहात पद्धतीत एक किंवा दोन. खोके, खोके ठेवण्याची जागा, खोके वाहणारा हमाल आणि खोक्यांची नोंद ठेवणारा कारकून हा सारा पसारा गठ्ठ्यामुळेच निर्माण झालेला असतो. (सरकारी कचेरीतील धारिकेचा प्रवास ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजावण्याचे कारण नाही. धारिकेवर प्रत्यक्ष काम होते वीस मिनिटे. ती गठ्ठ्यात पडून असते वीस दिवस.)

जपानी कारखान्यांत मग या विचाराला अनुरूप अशा शेकडो बारीक युक्त्या निघाल्या. रांग सरळ न ठेवता घोड्याच्या नालेच्या आकाराची केली, म्हणजे आरंभ आणि शेवट समोरासमोर येतात आणि एका माणसाला दोन्हीकडे हात देता येतो. सुटे भाग पाठीमागच्या फडताळातून काढून उताराच्या खणात, हाताच्या अंतरावर, वापरण्याच्या क्रमाने मांडले. एका वेळी मागे वळण्यात तीन सेकंद जात असतील आणि दिवसाला पाचशे नग होत असतील, तर नुसत्या वळण्यात पंचवीस मिनिटे जातात. आणि कमरेचे दुखणे घरी न्यावे लागते ते वेगळेच. पुढच्याने मागितल्याखेरीज मागच्याने माल बनवू नये म्हणून 'कानबान' नावाची चिठ्ठी आली. गिऱ्हाइकाची मागणी आणि पाळीचे तास यांचा भागाकार करून रांगेची लय ठरवली जाऊ लागली. तिला 'टाक्ट' हा जर्मन शब्द आहे आणि त्याचा संगीतातला अर्थ आपल्या तालाशी नाते सांगणारा आहे.

या युक्त्यांपैकी एक मात्र थोडी थांबून पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यात या पद्धतीचे नीतिशास्त्र दडलेले आहे. १९६१ च्या सुमारास शिगेओ शिंगो या अभियंत्यापुढे एका विद्युत-उपकरणाच्या कारखान्यातील तक्रार आली. एका छोट्या बटणाच्या आत दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार कधीकधी एक विसरत. तोवर उपाय एकच माहीत होता: रागावणे. शिंगो यांनी सुचवले की कामाला हात घालण्यापूर्वी दोन स्प्रिंगा एका लहान ताटलीत काढून ठेवाव्यात. बटण बंद झाल्यावर ताटलीत काही उरले, तर ते उरलेलेच सांगेल की काय चुकले. चूक थांबली. अशा युक्त्यांना प्रथम 'बाका-योके', म्हणजे मूर्खापासून बचाव, असे नाव होते. १९६३ साली दुसऱ्या एका कारखान्यात मुकादमाने हे नाव घेऊन एका कामगार स्त्रीला नवी युक्ती समजावली तेव्हा 'मी इतकी का मूर्ख आहे?' असे म्हणून ती रडू लागली. शिंगो यांनी नाव बदलून 'पोका-योके' केले, म्हणजे अनवधानाच्या चुकीपासून बचाव. माणूस मूर्ख नाही, तो माणूस असल्यामुळे विसरतो, म्हणून कामाची मांडणीच अशी हवी की विसरणे नडू नये. आपल्याकडील किती मुकादमांना आणि किती मुख्याध्यापकांना हा भेद मान्य होईल?

आता मुख्य अडचणीकडे येणे प्राप्त आहे. समजा, एका रांगेवर पाच माणसे आहेत. पाळीत विश्रांती वजा जाता ४४० मिनिटे काम चालते आणि मागणी ४४० नगांची आहे. म्हणजे लय एका मिनिटाची, ६० सेकंदांची. पाच जणांची कामे अनुक्रमे ५५, ४०, ६०, ३५ आणि ५० सेकंदांची आहेत. बेरीज २४०. वळणे, शोधणे, उचलून ठेवणे यांतील वीस सेकंद छाटले की उरतात २२०. चौघांनी ५५-५५ सेकंद वाटून घेतले तरी पाच सेकंद श्वास घ्यायला उरतात. कागदावरचे हे गणित निर्दोष आहे. उत्पादकता पंचवीस टक्क्यांनी वाढली. प्रश्न उरतो तो पाचव्या माणसाचा. म्हणजे १९२८ च्या तिसऱ्या मागाचाच.

टोयोटाने या प्रश्नाला दिलेले उत्तर त्या कंपनीला सहजासहजी सुचलेले नव्हते. ते तिला फार महागात पडून मिळाले. १९४९-५० मध्ये कंपनी दिवाळ्याच्या काठावर आली होती. कर्ज देणाऱ्या बँकांच्या दडपणाखाली मोठी कामगारकपात ठरली, संप झाला, सुमारे दोन हजार कामगार, म्हणजे एकूण संख्येचा साधारण चौथा हिस्सा, बाहेर पडले आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनीही पदत्याग केला. जे उरले त्यांच्याशी मग एक समजूत झाली: कायम कामगारांची नोकरी सुरक्षित राहील आणि सेवाकाळानुसार वेतन वाढेल, मोबदल्यात कामगार वेगवेगळी कामे शिकतील आणि सुधारणेला हातभार लावतील. १९६२ साली व्यवस्थापन आणि संघटना यांनी परस्परविश्वासाचे संयुक्त निवेदनही काढले. ओनो यांनी एकेका कामगाराकडे तीन-चार यंत्रे दिली तेव्हा विरोध झालाच होता. पण नोकरी जाणार नाही हे एकदा ठरल्यावर त्या विरोधाची धार बोथट झाली. आणि रांगेवरून एक माणूस कमी करायचा झाला तर सर्वांत दुबळा नव्हे, सर्वांत कुशल माणूस बाहेर काढावा आणि त्याला सुधारणेच्या कामावर लावावे, असा तेथे संकेत पडला. या संकेतामागे मोठे शहाणपण आहे. दुबळ्याला काढले की उरलेले चौघे उद्याच्या भीतीने आपल्या युक्त्या लपवू लागतात. सर्वोत्तमाला काढून सन्मानाचे काम दिले की तेच चौघे आपण होऊन पाचवा कसा वाचेल ते सांगू लागतात.

रांगेवर टांगलेल्या दोरीचा अर्थही याच संदर्भात समजतो. टोयोटाच्या रांगेवर कोणताही कामगार अडचण येताच डोक्यावरची दोरी ओढू शकतो. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो आणि ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर रांग थांबते. साकिची टोयोडांच्या मागाला जो अधिकार होता तो येथे माणसाला मिळाला. पण मागाला नोकरी जाण्याची भीती नव्हती. माणसाला असेल तर तो दोरीला हात लावणार नाही. सदोष नग निमूटपणे पुढे सरकू देईल.

हे सारे जपानी स्वभावाचे फळ आहे, ते अन्यत्र रुजणार नाही, असे पुष्कळ दिवस म्हटले जाई. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटच्या कारखान्याने ते खोटे ठरवले. जनरल मोटर्सचा हा कारखाना गैरहजेरी आणि अवचित संप यांसाठी कुप्रसिद्ध होता. दिवसाला सुमारे २० टक्के कामगार कामावरच येत नसत. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी 'नुम्मी' या नावाने तो भागीदारीत पुन्हा सुरू केला. संघटना तीच होती आणि बहुसंख्य कामगारही तेच. पुढे प्रसिद्ध झालेल्या तुलनेनुसार १९८६-८७ मध्ये जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात एका मोटारीच्या जुळवणीस ३१ तास लागत, जपानमधील टाकाओका येथे १६ आणि नुम्मीत १९. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली. माणसे तीच, मग बदलले काय? एक तर घड्याळ. जुन्या व्यवस्थेत वेळ मोजणारा साहेब वेगळा असे आणि तो येताना दिसला की कामगार हात मंद करी. नुम्मीत कामगारांचे गट स्वतःच वेळ मोजून कामाची रीत लिहून काढीत. दुसरे म्हणजे करारातील कलम. कंपनी अगदी गंभीर संकटात आल्याखेरीज कपात होणार नाही, आणि कपातीपूर्वी व्यवस्थापकांच्या पगारात काटछाट केली जाईल आणि बाहेर दिलेली कामे परत आत आणली जातील, अशी हमी लेखी होती. १९८७-८८ मध्ये मोटारींचा खप घसरला तेव्हा या हमीची परीक्षा झाली. कुणालाही काढले गेले नाही. मोकळ्या झालेल्या हातांना प्रशिक्षण आणि सुधारणेची कामे दिली गेली.

याचा अर्थ तेथे सुखाचा सुकाळ होता, असा कुणी करून घेऊ नये. जुन्या कारखान्यात ६० सेकंदांपैकी सुमारे ४५ सेकंद कामगाराचे हात गुंतलेले असत, नुम्मीत सुमारे ५७, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे बारा सेकंद कुणाचे? अभियंता म्हणेल की ते वाया जात होते. कामगार म्हणेल की त्या बारा सेकंदांत मी खांदा सैल करीत होतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलत होतो. दोघेही खरे बोलत आहेत, आणि लीन पद्धतीच्या प्रचारकांनी दुसऱ्या सत्याकडे सोयीस्कर डोळेझाक केली आहे. १९९३ साली नव्या नमुन्याची मोटार घेताना नुम्मीतच हातापायांच्या दुखण्यांच्या तक्रारी वाढल्या आणि कॅलिफोर्नियाच्या सुरक्षा खात्याला दखल घ्यावी लागली. खुद्द टोयोटाच्या जपानी कारखान्यात सातोशी कामाता या पत्रकाराने १९७२-७३ मध्ये हंगामी कामगार म्हणून काही महिने काढले आणि रांगेच्या निर्दय वेगाचे वर्णन करणारे पुस्तक १९७३ साली लिहिले. ते हंगामी होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. नोकरीची हमी कायम कामगारांपुरती होती. मागणीच्या चढउतारांचा धक्का हंगामी माणसे आणि लहान पुरवठादार सोसत होते. पाचव्या माणसाचा प्रश्न टोयोटाने सोडवला, तो बऱ्याच अंशी त्याला कुंपणाबाहेर ठेवून.

भारतात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आली ती सुझुकीच्या भागीदारीतील मारुतीबरोबर. गुडगावच्या कारखान्यातून १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मोटार बाहेर पडली. साहेब आणि कामगार यांना एकच गणवेश, एकच भोजनगृह, वेळेवर हजेरी हे सारे आपल्या कारखानदारीला नवे होते आणि त्याचे कौतुक झाले ते योग्यच होते. पुढे स्पर्धा वाढली. २००० च्या अखेरीस तेथे उत्पादनाशी निगडित बक्षिसाच्या रकमेवरून दीर्घ संघर्ष झाला. त्यानंतर स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या आणि कंत्राटी कामगारांचे प्रमाण वाढत गेले. मानेसरच्या नव्या कारखान्यात मिनिटाला एकाहून अधिक मोटार बाहेर पडू लागली. तेथील कामगारांच्या तक्रारी होत्या त्या रांगेच्या वेगाच्या, काही मिनिटांच्या चहाच्या सुटीत स्वच्छतागृह गाठावे की चहा घ्यावा या विवंचनेच्या, आणि एकाच रांगेवर खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या कायम आणि कंत्राटी माणसांच्या पगारातील तफावतीच्या. २०११ सालभर संघटनेच्या मान्यतेवरून संप आणि टाळेबंदी चालली. १८ जुलै २०१२ रोजी जो हिंसाचार उसळला त्यात कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा बळी गेला. त्या कृत्याचे कसलेही समर्थन होऊ शकत नाही. शेकडो कायम आणि त्याहून कितीतरी अधिक कंत्राटी कामगारांना कामावरून दूर करण्यात आले. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, त्यांतील १३ जणांना जन्मठेप दिली आणि ११७ जणांची निर्दोष मुक्तता केली. निर्दोष ठरलेल्यांपैकी बहुतेकांनी तोवर कित्येक वर्षे तुरुंगात घालवली होती.

मानेसरच्या घटनेला एकच कारण होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण लय, चिठ्ठी, ताटली, नालेच्या आकाराची रांग हे सारे जपानहून येऊ शकते आणि १९५० ची समजूत मागेच राहू शकते, हे त्या घटनेने दाखवून दिले. वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार देशातील नोंदलेल्या कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे ४० टक्के कामगार आता कंत्राटदारांमार्फत घेतलेले असतात. काही महिन्यांनी ज्याचा करार संपणार आहे त्या तरुणाने रांगेवरचा अपव्यय कुणाला का दाखवून द्यावा? त्याने वीस सेकंद वाचवले तर पाचवा माणूस तोच ठरणार. आपल्याकडील पुष्कळ कारखान्यांत भिंतींवर जपानी शब्दांच्या पाट्या झळकतात, सूचनापेट्या लटकतात आणि पेट्या रिकाम्या राहतात. मग व्यवस्थापक म्हणतात, आपल्या माणसांत ती वृत्तीच नाही. फ्रीमाँटविषयीही १९८२ साली हेच म्हटले जात होते.

पुणे आणि नाशिक पट्ट्यातील संघटना साधारणतः दर तीन वर्षांनी वेतनकरार करतात आणि त्यांत पगारवाढीच्या मोबदल्यात उत्पादन अमुक टक्क्यांनी वाढवण्याचे कलम असते. ही टक्केवारी कशी गाठायची हे बहुधा करारात नसते. म्हणून ती रांगेचा पट्टा वेगाने फिरवून गाठली जाते. त्या कलमाखाली आणखी चार ओळी लिहिण्याचा आग्रह संघटनांनी धरावयास हरकत नाही: वेळ मोजताना कामगारांचा प्रतिनिधी बरोबर असेल, मेजाची उंची आणि सुट्या भागांची मांडणी आधी सुधारली जाईल, वेगाला हात नंतर लागेल, एका मिनिटातील किती सेकंद मोकळे राहतील ते आकड्यांत ठरेल, आणि रांगेवरून कमी झालेल्या माणसाचे, तो कंत्राटी असला तरी, नाव आणि नवे काम त्याच आठवड्यात फलकावर लागेल. यांतील पहिल्या दोन ओळींना बहुतेक व्यवस्थापने आनंदाने मान्यता देतील. तिसऱ्या ओळीवर घासाघीस होईल. चौथी ओळ वाचून कंत्राटदाराला बोलावणे जाईल, आणि खरी बोलणी तेथून सुरू होतील.